मुलीच्या तलवारबाजीच्या वर्गात आईनेही उतरावे का?

प्रश्न : माझी अकरा वर्षांची मुलगी गेले वर्षभर तलवारबाजी शिकते आहे. आठवड्यातून तीन संध्याकाळी तिला क्रीडा संकुलात न्यायचे आणि दीड तास बाकावर बसून राहायचे, असा माझा क्रम आहे. बघता बघता हा खेळ मलाच आवडू लागला आहे. माझे वय ४१, काम बँकेतले म्हणजे बैठे, आणि जिना चढताना उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. लहानपणी आजोळी, कोल्हापूरला, दोन उन्हाळे लाठीकाठी शिकले होते आणि थोडा पट्टाही फिरवला होता. त्याचा आता काही उपयोग होईल का? फॉइल, इपी आणि सेबर या तीन प्रकारच्या तलवारींपैकी मी काय निवडावे? एका दुकानदाराने पूर्ण किटचा भाव सांगितला तो ऐकून छातीच दडपली. सरांना विचारले तर ते हसून ‘बघू’ म्हणाले. सासूबाईंचे म्हणणे, या वयात तलवार कशाला. खरेच उशीर झाला आहे का? – एक आई, नाशिक

उत्तर : सप्रेम नमस्कार. वयाचे आधी सांगतो, कारण बाकीच्या शंका त्याच्याच पोटातून निघालेल्या दिसतात. ऑलिंपिकला जायचे असेल तर उशीर झाला आहे, आणि ते तुम्हालाही ठाऊक आहे. ऑलिंपिकच्या पिस्टवर, म्हणजे तलवारबाजीच्या पट्टीवर, उतरलेली पहिली भारतीय तलवारबाज भवानी देवी हिने चेन्नईच्या शाळेत २००४ मध्ये सुरुवात केली, तेव्हा ती साधारण तुमच्या मुलीच्या वयाची होती. सरावाला तलवारी पुरेशा नसल्यामुळे बांबूच्या काठ्या वापरत आणि खऱ्या तलवारी स्पर्धेसाठी राखून ठेवत, असे तिनेच सांगितलेले आहे. तिथून टोकियोला पोहोचायला तिला सतरा वर्षे लागली. तो रस्ता तुमचा नाही. मात्र खेळ शिकणे, दोन-चार वर्षांत नीट झुंज देण्याइतके तयार होणे आणि पुढे वीस वर्षे खेळत राहणे, याला एकेचाळीस हे वय मुळीच जास्त नाही. पन्नाशीपुढच्या, साठीपुढच्या आणि सत्तरीपुढच्या खेळाडूंसाठी जागतिक व्हेटरन स्पर्धा होतात. त्या हिशेबाने तुमच्या हाती तयारीला अजून नऊ वर्षे आहेत, हे सासूबाईंना सांगून बघा.

मी स्वतः सदतिसाव्या वर्षी या खेळात आलो, आणि माझी पहिली बाउट, म्हणजे झुंज, एका बारा वर्षांच्या मुलीबरोबर झाली. ती माझ्या खांद्याला लागत होती. माझा हात तिच्यापेक्षा वीतभर लांब, वजन दुप्पट, आणि मनात उगाचच ‘जपून खेळू, तिला लागायला नको’ असा विचार. तिने मला पाच-शून्य हरवले. त्यांतले तीन गुण तिने माझ्या मनगटावर घेतले, एकाच जागी, हातमोज्याच्या किनारीच्या जरा वर. प्रत्येक वेळी मी हात उगारत पुढे जात होतो, आणि ती अर्धे पाऊल मागे सरून माझा हात येण्याची वाट पाहत होती. माझ्या हाताची लांबी मला ठाऊकच नव्हती. तिला ती पहिल्या दहा सेकंदांत कळली होती. बाकावर बसून तुम्ही जो खेळ पाहता त्यात डोळा पात्यांच्या खणखणाटाकडे जातो. पुढच्या वेळी दीड तासातला अर्धा तास फक्त पायांकडे बघा. वर्षभर पाहिलेला खेळ तुम्हाला निराळाच दिसेल.

म्हणूनच शस्त्र कोणते आणि किट केवढ्याचे या तुमच्या प्रश्नांना मी जरा मागे ठेवणार आहे. पहिले तीन महिने तुमचा सगळा प्रश्न अंतराचा आहे, आणि अंतर पायांनी राखायचे असते. पिस्टची लांबी चौदा मीटर आणि रुंदी दीड ते दोन मीटर असते. दोन्ही खेळाडू मध्यरेषेपासून दोन-दोन मीटरवर उभे राहतात, म्हणजे सुरुवातीला दोघांत चार मीटरचे अंतर असते. या चार मीटरांतून नुसता हात लांब करून कोणी कोणाला लावू शकत नाही. एक-दोन पावले पुढे जाऊन मग झेप घ्यावी लागते. जिथून आपल्या एका झेपेत टोक समोरच्याला लागते, पण समोरच्याच्या एका झेपेतून आपण अर्ध्या पावलाने सुटतो, ती जागा शोधत राहणे म्हणजे तलवारबाजी. ती जागा क्षणाक्षणाला सरकत असते. हाताचे डावपेच, पॅरी (वार अडवणे), रिपोस्ट (अडवून लगेच उलट वार), सगळे त्या जागेवर उभे राहता आले तरच उपयोगाचे.

पाय शिकायला तलवार लागत नाही. ‘ऑन गार्ड’चा पवित्रा तुम्ही रोज पाहताच : पुढचे पाऊल सरळ समोर, मागचे त्याला काटकोनात, टाचा एका रेषेत, दोन पावलांत साधारण दीड पाऊल अंतर, गुडघे वाकलेले, आणि अंगाचा भार दोन्ही पायांवर सारखा. घरी दोन फुटी फरश्या असतील तर त्यांच्या सांध्याची रेघ ही तुमची पिस्ट समजा. त्या रेघेवर दोन्ही टाचा ठेवून दहा पावले पुढे, दहा मागे. पुढे जाताना पुढचा पाय आधी उचलायचा, मागे येताना मागचा; पाय एकमेकांजवळ येता कामा नयेत आणि डोके वरखाली होता कामा नये. आरशासमोर केलेत तर डोके हलते आहे की नाही ते लगेच दिसते. दिवसाला दहा मिनिटे पुरेत, पण ती रोज हवीत. पहिल्या आठवड्यात मांड्या अशा भरून येतील की खुर्चीतून उठताना हात टेकावा लागेल. त्याने घाबरू नका, ते अपेक्षितच आहे.

यापुढे लंज, म्हणजे झेप. इथे नवशिके हमखास चुकतात, आणि तुमच्या गुडघ्याचा संबंध नेमका इथेच येतो. क्रम असा : आधी हात पूर्ण लांब होतो, मग पुढच्या पायाचा चवडा उचलला जातो, मग मागचा पाय जमिनीला रेटून ताठ होतो आणि त्या रेट्याने शरीर पुढे जाते, पुढचे पाऊल टाचेवर उतरते आणि मग सपाट होते. झेप पूर्ण झाल्यावर पुढची नडगी उभी, जमिनीला काटकोनात असली पाहिजे, आणि गुडघा पावलाच्या बोटांच्या दिशेने असला पाहिजे. गुडघा आत वळला किंवा पावलाच्या पुढे निघून गेला की सगळा भार सांध्यावर येतो. मागचे पाऊलही जमिनीला चिकटलेले हवे. ते आतल्या कडेवर कलंडू लागले की घोटा आणि जांघ दोन्ही दुखावतात. मोठ्या माणसांना पहिल्याच दिवशी मुलांएवढी लांब झेप घ्यायची हौस असते. मलाही होती, आणि जांघेचा स्नायू दुखावून तीन आठवडे घरी बसण्यात तिचा शेवट झाला. पहिले दोन महिने झेप आखूड ठेवा. झेप किती लांब गेली यापेक्षा झेपेतून ऑन गार्डमध्ये परत किती चटकन येता आले, याकडे लक्ष द्या.

जिना चढताना कुरकुरणारा गुडघा अंगावर काढू नका. वर्गात नाव घालण्यापूर्वी अस्थिरोगतज्ज्ञाला किंवा चांगल्या फिजिओथेरपिस्टला दाखवा, आणि दाखवताना ‘थोडा व्यायाम करणार आहे’ असे मोघम न सांगता त्यांच्यासमोर एक झेप घेऊन दाखवा. तलवारबाजीत पुढचा पाय कसा पडतो हे पाहिल्यावरच त्यांना नेमके सांगता येईल. तुम्ही उजव्या हाताने खेळणार असाल, तर पुढचा पायही उजवाच असतो, म्हणजे कुरकुरणाऱ्या गुडघ्यावरच भार येणार. मांडीच्या आणि नितंबाच्या स्नायूंत बळ असेल तर गुडघ्याचे काम पुष्कळ हलके होते, म्हणून त्यांचे व्यायाम लिहून घ्या आणि महिनाभर आधीपासून करा. हा खेळ एकांगी आहे. वर्षानुवर्षे खेळणाऱ्यांची पुढची मांडी मागच्या मांडीपेक्षा जाड झालेली दिसते. त्यामुळे घरी सराव करताना चार-पाच झेपा उलट्या बाजूनेही घ्याव्यात, अंग एका बाजूला ओढले जात नाही. पळण्याचे जुने बूट घालून मात्र जाऊ नका. त्यांचा तळ जाड आणि उंच असतो, त्यामुळे आडव्या हालचालीत घोटा मुरगळतो. बॅडमिंटनचे बूट घ्या, टाचेला चांगली गादी असलेले. आपल्याकडे बहुतेक वर्ग बॅडमिंटनच्या हॉलमध्ये किंवा सरळ फरशीवर चालतात, आणि फरशीवर दर संध्याकाळी पन्नास वेळा टाच आपटणे काय असते ते दुसऱ्या महिन्यात कळते.

कोल्हापूरच्या त्या दोन उन्हाळ्यांचा प्रश्न मला सर्वांत आवडला, आणि त्याचे उत्तर थोडे कडूगोड आहे. दांडपट्ट्याला २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा मान मिळाला, तेव्हापासून पालक मला हे वारंवार विचारतात. पट्ट्याची रचना आठवा. मूठ लोखंडी खोबणीच्या आत असते, खोबण कोपरापर्यंत हात झाकते, त्यामुळे मनगट जवळजवळ बांधले जाते आणि पाते हे हाताचाच लांब झालेला भाग होते. म्हणून पट्टा खांद्यातून, कमरेतून, सगळे अंग फिरवून चालवावा लागतो. त्याची सगळी ताकद गोल फिरण्यात आहे आणि चारी बाजूंनी आलेल्यांना दूर ठेवणे हे त्याचे काम आहे. तलवारबाजीत समोर एकच जण असतो, एका सरळ पट्टीवर, आणि पाते चालते ते अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीतून. इपीचे टोक समोरच्याच्या मुठीवरच्या वाटीभोवती अर्ध्या वितीचे वर्तुळ काढून आत शिरते, त्या वेळी बाहेरून पाहणाऱ्याला हात हललेलासुद्धा दिसत नाही. लाठी फिरवलेला माणूस पहिल्या दिवशी हात उगारतो, आणि हात उगारला की मनगट उघडे पडते. माझ्यासारखे. ती सवय तुम्हाला विसरावी लागेल.

पण दोन गोष्टी तुमच्या पदरात आयत्या आहेत. समोरून काही अंगावर येत असताना डोळे न मिटणे ही त्यांतली पहिली. मोठेपणी खेळात येणाऱ्यांचे पहिले सहा महिने यातच जातात. मास्क आहे हे माहीत असूनही पापणी मिटते आणि खांदे वर चढतात. ज्याने लहानपणी लाठीचा वार लाठीवर घेतला आहे, त्याची ही भीती बरीचशी मोडलेली असते. दुसरी गोष्ट पवित्र्याची. गुडघे वाकवून, बूड खाली ठेवून हालचाल करायची शरीराला एकदा ओळख झालेली असली की ती पस्तीस वर्षांनीही थोडी शिल्लक राहते.

आता शस्त्राचे. फॉइलमध्ये फक्त टोक लावून गुण मिळतो आणि लक्ष्य असते धड, पाठीसकट; हात, पाय आणि डोके धरले जात नाही. सेबरमध्ये धारेने मारलेला वारही चालतो आणि कमरेच्या वरचा सगळा भाग, डोके आणि हात धरून, पंजे मात्र सोडून, लक्ष्य असतो. इपीमध्ये पुन्हा फक्त टोक, पण लक्ष्य सर्वांग, डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत. फॉइल आणि सेबरमध्ये दोघांनी एकाच वेळी लावले तर चढाईचा हक्क कोणाचा होता, म्हणजे आधी चढाई कोणी सुरू केली, हे पंच ठरवतात आणि गुण फार तर एकालाच मिळतो. तुमच्या मुलीच्या वर्गात वार लागल्याचे दोन्ही दिवे लागल्यावर मुले सरांच्या हाताकडे बघत उभी राहतात, ती याचसाठी. इपीत हक्काची भानगड नाही : जो आधी लावील त्याचा गुण, आणि दोघांचे टोक सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्शाच्या आत लागले तर दोघांनाही गुण.

मोठ्या वयात सुरुवात करणाऱ्याने इपी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. चढाईचा हक्क नीट कळायला वर्ष जाते, आणि तोवर आपण का हरलो हेच समजत नाही. मुलांना त्याचे काही वाटत नाही, पण मोठी माणसे त्याने खचतात. इपीत चूक लगेच कळते, कारण ती मनगटावर लागते. सेबरचा वेग पाहायला सुंदर असतो, पण एकेका गुणाची झटापट क्षणार्धात सुरू होऊन संपते आणि त्या झटक्यांना चाळिशीचे गुडघे बहुधा राजी नसतात. इपीत वाट पाहता येते, समोरच्याला फसवता येते, आणि वीस वर्षे बँकेच्या काउंटरवर बसून माणसे ओळखायला शिकलेल्या बाईला ते जमेल असे मला वाटते. खर्चाच्या दृष्टीनेही इपी बरी. फॉइल आणि सेबरला वार नोंदवणाऱ्या विजेच्या यंत्रणेसाठी अंगावर धातूच्या धाग्याचे लामे जॅकेट लागते, इपीला ते लागत नाही. इपीचे वजन मात्र जास्त असते : नियमाप्रमाणे ७७० ग्रॅमपर्यंत, तर बाकीच्या दोन्ही ५०० ग्रॅमच्या आत. आणि एवढे सांगूनही खरे हे की तुमचे सर जे शस्त्र शिकवत असतील आणि ज्या शस्त्राला संकुलात जोडीदार मिळत असेल, ते तुमचे शस्त्र. जोडीदार नसलेल्या इपीपेक्षा जोडीदार असलेले फॉइल केव्हाही चांगले.

किटच्या भावाने छाती दडपली ते योग्यच झाले, कारण तो भाव आज तुमच्या कामाचाच नाही. पहिले तीन महिने बूट आणि एक हातमोजा यांपलीकडे काही विकत घेऊ नका. जॅकेट, मास्क आणि तलवार बहुतेक वर्गांत सामाईक असतात. मोठ्या मापाचे जॅकेट नसेल तेवढीच अडचण येते, आणि ती सरांशी बोलून सुटते. पुढे घ्यायची वेळ आली की आधी मास्क, मग जॅकेट आणि त्याच्या आत घालायचे प्लास्ट्रॉन (बगल झाकणारे कापडी कवच), शिवाय बायकांसाठी बंधनकारक असलेला छातीचा कठीण कवच-पत्रा, मग पॅन्ट, आणि सर्वांत शेवटी विजेची तलवार आणि तिला यंत्रणेशी जोडणारी बॉडी वायर. मास्क पहिला घेण्याचे कारण सुरक्षेपेक्षा साधे आहे : दुसऱ्याच्या घामाने ओला झालेला मास्क मे महिन्यात तोंडावर चढवून पाहा, मग मी काय म्हणतो ते कळेल.

खरेदीला जाताना एक गोष्ट पक्की विचारून घ्या, हाताची. मी डावखुरा आहे. माझे पहिले किट एका दुकानातून फोनवरून मागवले. ‘डावा हात’ असे दोनदा सांगितले. आले ते असे : हातमोजा डाव्या हाताचा, प्लास्ट्रॉन उजव्या बाजूचे, जॅकेटची चेन भलत्याच अंगाला, आणि पिस्टल ग्रिप, म्हणजे पिस्तुलासारखी मूठ, उजव्या हाताची, जी डाव्या हातात धरली की तिचे फाटे तळव्यात रुततात. बदलून मिळायला दोन महिने गेले. त्यानंतर मला कळले की यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू हात बघून घ्यावी लागते. जॅकेट तलवारीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला उघडते, कारण जोड जिथे असतो तिथून टोक आत शिरू शकते. प्लास्ट्रॉन तलवारीच्या हाताकडची बगल झाकते. बॉडी वायर मात्र शस्त्र बघून घ्यावी लागते, इपीची फॉइलला बसत नाही. आणि मुलीची तलवार ‘घरात आहेच की’ म्हणून उचलू नका. लहान मुलांचे पाते आखूड असते. तुम्ही त्यावर अंतर शिकलात तर ते सगळे चुकीचे शिकाल.

सामाईक मास्क वापरताना दोन मिनिटे तो हातात फिरवून बघा. जाळीला पोचा आलेला असेल, तपकिरी गंज खोल गेलेला असेल, अंगठ्याने दाबल्यावर जाळी आत जात असेल किंवा मागची पट्टी सैल असेल, तर तो बाजूला ठेवा आणि सरांना दाखवा. स्पर्धेत शस्त्र-तपासणीच्या टेबलावर मास्कच्या जाळीवर बारा किलोचा टोच्या दाबून बघतात, तो उगाच नव्हे. १९८२ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत ऑलिंपिक विजेता व्लादिमीर स्मिर्नोव्ह याच्या मास्कमधून मोडलेले पाते आरपार गेले आणि काही दिवसांनी तो मरण पावला. आजचे मास्क, जॅकेटचे कापड आणि पात्यांचे पोलाद ज्या कडक कसोट्यांतून जाते त्या बऱ्याच अंशी त्या अपघातानंतरच्या आहेत, आणि त्यामुळेच हा खेळ आज अंगाला लागण्याच्या बाबतीत फुटबॉल-कबड्डीपेक्षा सौम्य आहे. निळे डाग मात्र पडतात, दंडावर आणि मांडीवर. बँकेत बिनबाह्यांचा ब्लाउज घालणार असाल तर लोक विचारतील.

नाशिकच्या पावसाचेही थोडे. जूनपासून पाती गंजतात, विशेषतः ओल्या मोज्यांबरोबर एकाच पिशवीत कोंबलेली. घरी आल्यावर पाते कोरड्या फडक्याने पुसायचे, जॅकेट पंख्याखाली टांगायचे, आणि गंजाचा ठिपका दिसला तर बारीक पॉलिश पेपरने लगेच घासायचा. हे काम मुलीलाही लावा. तिची तलवार अजून तुम्हीच पुसत असाल, अशी मला शंका आहे.

राहिले सर आणि त्यांचे ‘बघू’. त्यांचा राग मानू नका. आपल्याकडे हा खेळ शाळांतून वाढला. शालेय स्पर्धा, दहावी-बारावीला मिळणारे क्रीडागुण, सरकारी नोकरीतले पाच टक्के खेळाडू आरक्षण, छत्रपती संभाजीनगरच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रासारख्या ठिकाणी होणारी निवड, ही सगळी शिडी वयाच्या पायऱ्यांनी बांधलेली आहे, आणि प्रशिक्षकाचे नाव त्याच्या मुलांनी आणलेल्या पदकांवर चालते. एकेचाळीस वर्षांची विद्यार्थिनी या शिडीच्या कोणत्याच पायरीवर बसत नाही. शिवाय त्यांना खरी अडचणही आहे : दहा वर्षांच्या मुलांत एक मोठे माणूस मिसळले की दोघांचेही अंतर बिघडते, आणि कोणाला लागले तर पालक त्यांनाच जाब विचारतात. तेव्हा ‘मलाही शिकवाल का’ असे मोघम विचारू नका. ‘मला स्पर्धा खेळायच्या नाहीत, पहिले तीन महिने फक्त फुटवर्क करीन, डॉक्टरांचे पत्र आणले आहे, आणि मुलांबरोबर तुम्ही सांगाल तेव्हाच बाउट खेळीन’ असे सांगा. यात त्यांना नाही म्हणायला फारसे काही उरत नाही. सरांकडे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची, म्हणजे एन. आय. एस.ची पदविका असेल तर उत्तमच. पण तुम्ही वर्षभर त्यांचा वर्ग पाहिला आहे. मास्क न घातलेल्या मुलाकडे टोक रोखले गेले की ते वर्ग थांबवतात की नाही, हे तुम्ही पाहिलेले असणार. थांबवत असतील, तर मी पदविकेचा फार आग्रह धरणार नाही.

वर्गात एकदा उतरलात की तिथे मुलगी तुम्हाला सीनियर आहे, हे दोघींनी आधी बोलून ठरवा. तिची चूक तुम्ही काढायची नाही. तुमची तिने काढली तर ऐकायची. पहिले सहा महिने तिच्याशी बाउट खेळू नका, घरच्या हॉलमध्ये तर मुळीच नाही. आणि जेव्हा खेळाल तेव्हा सुरुवातीचा आणि शेवटचा सलाम टाळू नका. घरच्या माणसाला सलाम करायला संकोच वाटतो, पण नियमपुस्तकात सलाम न करण्याची शिक्षा काळे कार्ड, म्हणजे स्पर्धेतून हकालपट्टी, आहे, आणि मुले याबाबत पंचांपेक्षा कडक असतात.

पहिल्या दिवशी पूर्ण लांबीची, बिनखिशाची ट्रॅक पॅन्ट घाला, कारण खिशात टोक अडकते. केस मानेवर घट्ट बांधा, म्हणजे मास्कची मागची पट्टी नीट बसेल. बांगड्या, मंगळसूत्र आणि लोंबते कानातले घरी ठेवा. मास्कचा गळपट्टा त्यांवर दाबला गेला की ते टोचते. पाणी भरपूर न्या.

आणखी एक सुचवतो. तुम्ही ज्या बाकावर बसता त्यावर तुमच्यासारखे आणखी पालक बसलेले असतील, मोबाइल चाळत. त्यांना विचारून बघा. तिघे जण तयार झाले तर तुमच्यासकट चौघे होतात, म्हणजे मुलांना हात न लावता दोन जोड्या, आणि सरांना स्वतंत्र बॅच घेण्याजोगी फी. इपी शिकायला आपल्या उंचीचा, आपल्या हाताच्या लांबीचा जोडीदार लागतोच. अकरा वर्षांच्या मुलांत तो मिळणार नाही. मोठ्यांसाठी निराळा तास नाही म्हणून संकुलाच्या कार्यालयात अर्ज द्यावा लागला तर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या नावे द्या, त्यावर चौघांच्या सह्या घ्या, आणि वेळ मुलांच्या वर्गाचीच मागा. त्या दीड तासात तुम्ही सगळे तिथे असताच.